पिवळा

सकाळी सहाला टाकीच्या जिन्याला हात लावला
की रात्रीची थंडी लोखंडातून अंगात चढते.
बावन्न पायऱ्या. खाली येरळेचं पात्र,
पाणी कमी, वाळू त्याहून कमी.
बादलीत टीसीएल कालवतो, डोळे चुरचुरतात,
चुना खाली बसेस्तोवर
गाव हळूहळू दिसायला लागतं.
मग वरची निवळ तेवढी टाकीत. गाळ नाही.
हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, जेवणानंतर,
अर्धे पेंगत असताना.

पद : जलसुरक्षक.
मानधन येतं तेव्हा येतं.
हॉटेलवाला तातोबा म्हणतो, तुझ्यामुळं माझा चहा नासतो.
माळ्याच्या सुनेला पाहुण्यांपुढं तांब्या ठेवायची लाज वाटते.
दवाखाना पितोय जणू, म्हणतात,
आणि माझ्याकडं बघतात.

नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं.
क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं.
आमच्या भागात पिवळ्याच्या छटा शिकवाव्या लागत नाहीत.
शिजवलेलं हळकुंड वेगळं, वाळलेलं वेगळं, पॉलिशचं वेगळं;
सांगलीच्या सौद्यात ढिगातून मूठ उचलून दर बोलणारा
माझी नळी उजेडाला धरून आकडा सांगेल.
मला हवा असतो अगदी फिका,
हळदीचं बोट धुतलेल्या पाण्याइतका.

पण तो टाकीखाली मिळून उपयोग नाही.
मोजायचं शेवटच्या नळाला.
शेवटचा नळ म्हणजे वडार वस्ती,
दीड किलोमीटर पाइप, त्यातले दोन जोड गटारीत,
आणि टोकाला यल्लव्वा धोत्रेचं दार.
तोटी नाही. लाकडाची खुंटी मारलेली.

तिथं मी किती दिवस गेलो नव्हतो
हे रजिस्टरात सापडणार नाही.
रजिस्टरात ०.४ आहे, खाली ०.४, त्याखाली ०.४,
एकाच पेनचे, एकाच बैठकीचे.
पोतं संपलं होतं. नवं मंजुरीत होतं.
कोपऱ्यात एक जुनं मिळालं, तोंड उघडं राहिलेलं,
नाकाशी धरलं तर नुसता चुना.
तेच कालवत होतो. पायऱ्या मात्र रोज चढत होतो,
गावाला दिसावं म्हणून.

यल्लव्वानं मला बाजाराच्या वाटेवर अडवलं.
"परवाधरनं पाण्याला वास न्हाई.
आजारी हायस व्हय रं?"

अख्ख्या गावात ती एकटी, जिला तो वास हवा होता.
तिचा नातू एका उन्हाळ्यात तासगावला नेताना
जीपमध्येच
मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या बाकावर बसायचा.

तिच्या दारात नळी भरली. थेंब टाकले. हलवली.
दोघं बघत राहिलो.
पाणी पाण्यासारखंच राहिलं.
"कसं काचंगत हाय," ती म्हणाली,
आणि भरलेला हंडा
माझ्यासमोर उपडा केला.

त्या दिवशी रजिस्टरात मी ०.० लिहिलं.
ग्रामसेवक म्हणाले, शून्य नका लिहू, थोडं तरी लिहा.
थोडं म्हणजे किती, मी विचारलं.
ते फोनवर बोलायला बाहेर गेले.
मी शून्य पुन्हा गिरवलं. मग मागची पानं काढली
आणि सगळ्या ०.४ वर आडवी रेघ मारून सही केली.
हात कापत होता. सही माझी वाटत नाही.

पोतं चौथ्या दिवशी आलं.
पंचायतीच्या भिंतीवरचं हिरवं कार्ड गेलं,
तिथं आता पिवळं आहे.
सरपंच माझ्याशी बोलत नाहीत.
नळीतला पिवळा बरा, भिंतीवरचा वाईट,
हे तातोबाला सांगायला गेलो
तर म्हणाला, चहा घेणार का नुसताच बोलणार?

परवा वस्तीवर गेलो.
यल्लव्वानं खुंटी काढली, ओंजळ भरली,
पिण्याआधी नाकाशी नेली.
"आला," म्हणाली,
परगावाहून कुणी आल्यासारखं.

नळी मी नंतर भरली. फिका होता, पण होता.
गटारीतले दोन जोड अजून तसेच आहेत.